काचेआडचं खवल्या मांजर

नागपुरात काय बघावं असं कोणी विचारलं, की मी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातलं संग्रहालय सांगते. मी ते पहिल्यांदा पाहिलं सत्तरच्या दशकात, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात.

आम्ही तेव्हा हिंगण्याला राहायचो. माझे यजमान मधुकर तिथल्याच कारखान्यात होते. रविवारी संग्रहालय बंद, म्हणून त्यांनी रजा टाकली. सोबत त्यांची मोठी बहीण, अक्का. अक्का लग्नानंतर वर्षभरातच माहेरी परतलेल्या. का, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. "मेलेले जनावरं काय पाहाचे," असं म्हणतच त्या निघाल्या.

सकाळच्या बसने सीताबर्डी. तिथे तर्री-पोहे खाऊन घ्यावेत. पुढे तेव्हा तरी काही मिळत नसे. तिथून सायकलरिक्षाने अमरावती रोड. चढावर आम्ही उतरून चाललो. प्रवेश फुकट, फक्त विभागात विचारावं लागतं.

आत औषधाचा उग्र वास. बरण्यांत साप, भिंतीलगत सांगाडे, मधोमध पेंढा भरलेला वाघ. त्याचा रंग विटलेला, पण डोळ्याला डोळा देववत नव्हता. मी आणि मधुकर तिथेच रेंगाळलो. अक्का कोपऱ्यातल्या कपाटासमोर उभ्या होत्या, हलेचनात.

"अक्का, काय पाहून राहिली?" मधुकरांनी विचारलं.

आत मुंगसाहून मोठं एक जनावर होतं. अंगभर माशासारखे, पण जाड, तपकिरी खवले. तिथल्या शिपायाला अक्कांनी विचारलं, "हे खरं असते काय जी?"

"मंग! खवल्या मांजर आहे, बाई. आपल्याच जंगलातलं. भेलं की गोळा होऊन बसते."

अक्का मधुकरांकडे वळल्या. "हेच पाह्यलं होतं गा मी. गवत कापाले गेली तवा."

मधुकरांचा चेहरा उतरला. मग बाहेर पायरीवर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. नवी नवरी असताना अक्का घाबरून शेतातून धावत आल्या होत्या, खवल्यांचं जनावर गोळा झालं म्हणत. सासरच्यांनी बाहेरची बाधा ठरवली, उतारे केले आणि शेवटी माहेरी आणून सोडलं. नवऱ्याने दुसरं लग्न केलं.

"आमाले बी तसंच वाटलं वं," मधुकर म्हणाले. "मी तर लहानच होतो."

अक्का रडल्या नाहीत. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाल्या, "मले त्या गावाले नेशील?"

"आता काहून?"

"सांगून येते."

पुढच्या सुट्टीला दोघं उमरेडकडच्या त्या गावी जाऊन आले. मधुकरांनी आल्यावर सांगितलं, अक्कांची सासू अंगणात तूर पाखडत होती. अक्कांनी उभ्यानेच सांगितलं, त्या जनावराचं नाव काय, ते कुठे ठेवलंय. म्हातारीने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "जेवून जा वं."

"नाही. बस आहे," म्हणून अक्का निघाल्या.

त्यानंतर पाहुणे आले की मी त्यांना संग्रहालयात घेऊन जायचे. वाघ मला अजूनही आवडतो. निघताना दरवेळी अक्कांना विचारायचे. त्या चुलीपासून मान न वळवता म्हणायच्या, "तू जा वं. माह्यं पाहून झालं."