कधीच न चाललेला कोड

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्री शहराच्या पार टोकाला, रेस्टिंगा वस्तीत, दाल्वानीरा शाळेतले प्रिंटर दुरुस्त करते. वय एकेचाळीस. प्रोग्रामिंग शिकली ती वस्तीतल्या सार्वजनिक कॉम्प्युटरवर, एकटीच. शिकवायला कुणी आलं नाही. काळी बाई एवढा वेळ काय करतेय म्हणून राखणदार तेवढा उठवायला यायचा.

वस्तीतली वाचनालयं एक खुलं, फुकटचं सॉफ्टवेअर वापरतात. ते कुणीही सुधारावं आणि सुधारणाऱ्याचं नाव त्यावर कायमचं लागावं, असा त्या जगाचा रिवाज. पगार नाही, फक्त नाव. त्या नावासाठी ती चार वर्षं राबली.

लाईट गेली की पुस्तकांच्या नोंदी उडायच्या. तिनं ते निस्तरलं आणि पाठवलं. त्या सॉफ्टवेअर प्रकल्पाचा मुखत्यार, काय आत घ्यायचं ते ठरवणारा एव्हांद्रो, श्रीमंत भागातला गोरा गृहस्थ. त्यानं परत पाठवलं: "सूर उद्धट आहे. आमच्या आचारसंहितेत बसत नाही." उद्धट काय, तर तिनं लिहिलं होतं, "तिसऱ्यांदा पाठवतेय, आता तरी वाचा."

तीन आठवड्यांनी तीच दुरुस्ती आत गेली. एव्हांद्रोच्या नावावर.

वाचनालय चालवणारी तिची मैत्रीण, इराची नाव तिचं, स्क्रीनवर वाकली आणि फिस्सकन हसली. "अगं, मेल्यानं कोडमधली तुझी टीपसुद्धा उचललीय! 'आज इराचीकडे तीनदा लाईट गेली.' ह्याची कोण गं इराची?"

"त्याच्या गल्लीत लाईट जातच नाही," दाल्वानीरा म्हणाली. तिला हसू आलं नाही.

आचारसंहितेत तक्रारीचा पत्ता होता. तिनं पुराव्यासकट लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर: "चौकशी केली. भेदभाव आढळला नाही. आपला सूर मात्र सुधारावा." खाली सही एव्हांद्रोची. चोरही तोच, फौजदारही तोच!

प्रकल्पाच्या शनिवारच्या बैठकीत कडू हिरव्या चहाचा तुंबा हातोहात फिरत होता. एव्हांद्रोनं तो तिच्यापुढून पलीकडे दिला. तिकडे वैऱ्यालाही कुणी असं गाळत नाही.

"बाई, रंगबिंग आम्ही बघत नाही हो," तो गोड हसला. "आम्ही फक्त कोड बघतो."

"मग बघा. सकाळीच पाठवलाय."

त्यानं उघडलं. तिनं 'कोड ऑफ कंडक्ट'ची, म्हणजे आचारसंहितेची, अख्खी फाईल खोडायचा प्रस्ताव टाकला होता. कारण: 'चार वर्षांत एकदाही चालला नाही. मेलेला कोड काढून टाकावा.'

कोपऱ्यात कुणीतरी खुदकन हसलं. एव्हांद्रोचे कान लाल झाले. "काढून टाकीन तुला!"

"टाक ना. तुझा सूर बघ आधी."

टाकलंच त्यानं. पण अशा सॉफ्टवेअरची प्रत कुणीही घेऊ शकतं; तिनं घेतली. आज रेस्टिंगातली वाचनालयं त्या प्रतीवर चालतात आणि दुरुस्तीवर तिचंच नाव आहे. एव्हांद्रोनं खरोखर लिहिलेल्या ओळींवर त्याचं नाव मात्र तसंच आहे.

"पूस की मेल्याचं!" इराची अजून चिडते.

"का पुसू?" दाल्वानीरा फणकारते. "मी काय एव्हांद्रो आहे?"