बाबांचा कुत्रा आणि तीन पायऱ्या

आम्हा दोघा भावांची वाटणी झाली तो काळ कापसाच्या तेजीचा होता. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यामुळे आमच्या भातकुलीकडच्या काळ्या रानातल्या बोंडांना कधी नव्हे तो भाव आला होता. घरोघरच्या गाद्या-उशा उसवून त्यांतली जुनी रुईसुद्धा गाडीत भरून अमरावतीच्या बाजारात गेली. आमच्याही गेल्या. मी कित्येक महिने डोक्याखाली हात घेऊन झोपलो, आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

बाबा वारून तेव्हा सहा महिने झाले होते. पंचांनी रान वाटलं, बैलजोड्या वाटल्या, हंडे-पराती वाटल्या. धाकट्याला जुनं घर आलं, मला शेजारची मोकळी जागा आली. सगळं संपलं तेव्हा अंगणात बाबांचा कुत्रा तेवढा उरला. तांबूस रंगाचा, एक कान फाटलेला. दहा-बारा वर्षं तो बाबांच्या मागे रानात जात होता आणि त्यांच्या मागेच परत येत होता.

पंचांतले सगळ्यांत म्हातारे होते ते उठता उठता म्हणाले, "त्याले काय वाटता? तो ज्याच्या दारात बसन, त्याचा."

सगळे हसले. मी हसलो नाही. मी थोरला होतो, बाजाराची दगदग मी केली होती, गाड्या मी हाकल्या होत्या. कुत्रा माझ्याच दारात बसणार याबद्दल मला शंका नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला कुत्रा नको होता, मला ते बसणं हवं होतं. बाबांच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांना जे काही लागायचं ते धाकट्याकडून. पाणी त्याच्या हातचं, पान त्याच्या हातचं. मी बाजाराहून येऊन पाया पडलो की ते "आला का" एवढंच म्हणायचे. हे माझ्या मनात काट्यासारखं होतं. निदान त्यांच्या कुत्र्यानं तरी माझ्याकडे यावं, आणि गावानं ते पाहावं.

पहिला पावसाळा तो आलाही. माझी तेव्हा झोपडीच होती, तिच्या दारात तो पडून असायचा. मी येणाऱ्या-जाणाऱ्याशी मुद्दाम मोठ्यानं बोलायचो, म्हणजे लोकांचं लक्ष त्याच्याकडे जाईल.

मग मी घर बांधलं. आमच्या खारपाणपट्ट्यात जमिनीत हात घातला तर माती आणि मातीच लागते, दगड औषधाला मिळत नाही. मी पोहऱ्याच्या डोंगराकडून गाड्यांनी दगड आणवला. पुरुषभर नाही, पण छातीइतका उंच ओटा घातला आणि त्याला तीन पायऱ्या. पायऱ्या उंच होत्या. पाहुण्यानं चढताना मान वर करूनच चढावं, अशा. गावात तसा ओटा नव्हता. मी रोज सकाळी त्यावर बसून दात घासायचो.

घर उभं राहिलं त्या वर्षीच्या दिवाळीपासून कुत्रा धाकट्याच्या दारात बसू लागला.

आमच्या दोन अंगणांमध्ये पऱ्हाट्यांचा कूड होता. कापसाच्या वाळक्या काड्या त्या, त्यांतून पलीकडचं सगळं दिसायचं. धाकट्याच्या दाराशी, चुलीच्या भिंतीला पाठ लावून तो पडलेला मला दिसायचा. मी हाक मारली की मान वर करायचा, शेपटी दोनदा जमिनीवर आपटायचा, पण उठायचा नाही. आधी मी बाजारातून आलो की वेशीपर्यंत धावत यायचा. आता लाटसाहेब झाला होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. धाकटा त्याला काहीतरी चारत असणार, यापलीकडे मला काही सुचेना. मग मीही सुरू केलं. तुपात चुरलेली भाकरी, दूध, हाडं. ताटली ओट्यावर ठेवायचो. तो पायऱ्यांशी यायचा, वर पाहायचा, एक पाय पहिल्या पायरीवर ठेवायचा आणि काढून घ्यायचा. ताटली मी खाली आणून ठेवली की सगळं चाटूनपुसून खायचा, आणि तसाच वळून कुडाच्या फटीतून पलीकडे. खाणं माझं, बसणं धाकट्याचं. ही तर उघड बेइमानी होती.

बायको म्हणाली, "त्याच्या पोटाकडं पाहा जरा. गाभण म्हशीवानी दिसून राहिला."

"दिसू दे. तिकडं उपाशी ठेवत असतीन त्याले," मी म्हणालो. तिकडे उपाशी ठेवतात आणि तिकडेच चारून फितवतात, या दोन्ही गोष्टी मी एकाच दमात मानत होतो.

एक दिवस तो खात असताना मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. हात कंबरेपाशी गेला तसा तो गुरगुरला. माझ्यावर. ज्याचं तूप तोंडात होतं त्याच्यावर. त्या दिवशी मी जेवलो नाही. आणखी एक सांगतो, कारण आता लपवून काय करायचं आहे: थंडीच्या दिवसांत सकाळी तो उठायचा तेव्हा आधी पुढचे पाय रोवायचा, मग मागचं धड ओढून वर घ्यायचा, आणि पहिली पंधरा-वीस पावलं लाकडी खेळण्यासारखी टाकायचा. थोडं हिंडला की मोकळा व्हायचा. हे मी कुडातून रोज पाहत होतो. मागच्या गुडघ्याला चाटून चाटून त्यानं केस घालवले होते, तेही पाहिलं. आणि मला वाटायचं, धाकट्याच्या घरी राहून आळशी झाला, नखरे शिकला.

माघ सरता सरता धनगर आला. दरवर्षी तो मेंढरं घेऊन आमच्या रानात बसायचा, लेंड्यांचं खत आम्हाला आणि ज्वारी त्याला. कुत्र्यांच्या बाबतीत त्याचा शब्द आसपासच्या गावांत मानला जायचा. मी त्याला ओट्यावर बसवलं आणि माझं रडगाणं सांगितलं. सांगताना, धाकट्यानं काही चेटूक केलंय का, इतपत माझी मजल गेली.

कुत्रा नेमका तेव्हा ताटलीसाठी खाली आला होता. धनगर पायऱ्या उतरून त्याच्याजवळ उकिडवा बसला. आधी नुसता बसला. कुत्र्यानं त्याचे हात हुंगले तेव्हा त्यानं दोन्ही मांड्या दोन हातांत धरून पाहिल्या, मग मागचे पंजे उचलून नखं पाहिली. शेवटी एक पाय इतका हळू मागे नेला की बाई झोपलेल्या पोराच्या अंगाखालचं फडकं काढते तसं वाटलं. कुत्र्यानं मान वळवली, ओठ चाटले, पण चावला नाही.

"पाटील, हा रुसला नाई," धनगर म्हणाला. "याचे खुबे धरले हायेत. मांड्या पाहा, काड्या झाल्या. भार टाकत नाई ना तिथं. नखं पाहा, पाय फरफटते म्हनून समोरून घासले. आन् तुमी त्याले चारून चारून एवढं वजन चढवलं. ते कोन वाहीन? खुबेच वाहतीन ना."

मी म्हणालो, "मंग तिकडं कसा जाते?"

त्यानं माझ्या पायऱ्यांकडे पाहिलं, मग कुडापलीकडे पाहिलं. धाकट्याच्या घराला उंबरठा होता, पायरी नव्हती. सारवलेली मातीची जमीन, चुलीची ऊब. "मी म्हतारा झालो तर मीबी तिकडंच जाईन," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं तेही साधंच होतं. खाणं निम्म्यावर आणा. बसवून ठेवू नका, रोज थोडं चालवा, पण मऊ रानातून, दगडावरून नाही. सकाळी तव्यावर सरकी गरम करून फडक्यात बांधा आणि खुब्यांना शेका, आधी ती आपल्या गालाला लावून पाहा. खाली मऊ, कोरडं काहीतरी घाला. "बरा नाई होनार," तो म्हणाला, "पन सुखानं राहीन."

माणसाला खरं कळलं की त्याचं मन निवळतं असं कोणाला वाटत असेल, तर माझं निवळलं नाही. माझा पहिला विचार असा आला की हे धाकट्याला माहीत नाही. तो अजून चारतोच असणार. म्हणजे आता त्याला रंगेहाथ धरता येईल आणि चार लोकांत म्हणता येईल, बाबांच्या कुत्र्याचे पाय यानं घालवले.

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर मी कुडाशी जाऊन उभा राहिलो. गार वारं सुटलं होतं. धाकटा दारात बसला होता, कुत्र्याचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. धाकट्यानं फडक्याची पुरचुंडी आधी स्वतःच्या गालाला लावली, मग कुत्र्याच्या खुब्यावर ठेवली. कुत्रा गुरगुरला नाही. डोळे मिटून पडून राहिला. बऱ्याच वेळानं धाकट्यानं अर्धी कोरडी भाकरी मोडून त्याच्यापुढे टाकली. अर्धीच.

वाटणीनंतर मी त्याच्याशी बोललो नव्हतो. तेव्हा बोललो, कुडाच्या अलीकडूनच.

"तुले हे कोनं सांगतलं? धनगरानं?"

तो दचकला नाही. मी तिथे उभा राहतो हे त्याला आधीपासून माहीत असावं. "कोनी नाई सांगतलं, दादा. बाबा असेच उठत होते ना. पयले हात टेकवत, मंग कंबर. दोन वर्सं म्या त्यायचे गुडघे शेकले. हा तसाच उठू लागला, तवा समजलं."

मला हे ठाऊक नव्हतं. बाबांचे गुडघे दुखायचे एवढं माहीत होतं. ते कसे उठायचे हे मी पाहिलंच नव्हतं. मी बाजारातून येईपर्यंत ते उठून बसलेले असायचे, आणि माझ्यासमोर ते कधी उठले नाहीत.

"मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तर तू म्हनला असता, धाकला कुत्र्याले उपाशी मारते." तो पुरचुंडी सोडत होता, माझ्याकडे पाहत नव्हता. "म्या अर्धी भाकर देतो, तो तुह्याकडं जाऊन तूप खाते. तेवढं बंद कर, दादा."

मी तसंच म्हणालो असतो, यात मला तेव्हाही शंका नव्हती. पण मला टोचलं ते वेगळंच. त्यानं त्याला फितवलं नव्हतं. अर्ध्या कोरड्या भाकरीवर कुत्रा त्याच्याकडे राहत होता. आणि मी तूप बंद केलं की माझ्या दारात तो उभाही राहणार नव्हता. तुपाशिवाय त्याला माझ्याकडून घेण्यासारखं काही होतंच कुठे?

दोन दिवस मी तूप देतच राहिलो. हे कबूल करायला मला लाज वाटते. तिसऱ्या दिवशी सकाळी तो फरफटत आला, पहिल्या पायरीशी थांबला आणि बसायला गेला तर बसता बसता त्याचा तोल गेला. मी ताटली उचलून आत नेली.

तो वाट पाहत राहिला. दुसऱ्या दिवशीही आला. त्यानंतर आला नाही. धाकटा त्याला सकाळ-संध्याकाळ नांगरटीतून हळूहळू फिरवायचा, ते मी ओट्यावरून पाहायचो आणि जळायचो. पण त्याचं पोट उतरत होतं, तेही दिसत होतं.

मग मी एक वेडेपणा केला. गाडीभर मुरूम आणि चिकणमाती आणून त्या घडीव पायऱ्यांवर ओतली, चोपून चोपून लांब उतार केला. गावातले लोक थांबून म्हणायचे, "पाटलाच्या ओट्याले सोंड फुटली." मी ऐकून घेतलं. बाजाराला निघालेल्या गाडीतून चांगली रुई काढली, पोत्यात भरली आणि ओट्याच्या कोपऱ्यात ऊन येतं तिथे अंथरली.

बायको दारात उभी राहून पाहत होती. "आपल्या उशा इकल्या," ती म्हणाली, "आन् कुत्र्याले गादी."

आठवडाभर त्या गादीवर कोणी आलं नाही. मी रोज ती झटकून ठेवायचो. मग एका दुपारी, ऊन कलल्यावर, कुत्रा उताराच्या तोंडाशी आला. हुंगलं. चढला. मध्येच थांबला, पुन्हा चढला. त्यानं ताटलीची जागा पाहिली, तिथे काही नव्हतं. मी जागचा हललो नाही, हाकही मारली नाही. त्याच्या मागून धाकटा आला. "याले शोधत होतो," म्हणाला, आणि तो उताराच्या खालीच उभा राहिला. वाटणीनंतर तो माझ्या ओट्यावर आला नव्हता.

"ये की वर," मी म्हणालो.

तो आला आणि गादीच्या एका बाजूला बसला. मी दुसऱ्या बाजूला होतो. कुत्र्यानं गादीवर दोन फेऱ्या मारल्या, मागचं धड सावकाश खाली घेतलं आणि मान लांब करून तोंड धाकट्याच्या पायावर ठेवलं. मला वाटलंच होतं. माझ्या घरी, माझ्या रुईवर, आणि तोंड त्याच्या पायावर.

तेवढ्यात त्यानं अंग सैल सोडलं, आणि त्याचा खुबा माझ्या मांडीला येऊन टेकला. तोच दुखरा, ज्याला मी हात लावल्यावर तो गुरगुरला होता. सगळा भार त्यानं माझ्यावर टाकला. मी हलू नये म्हणून श्वासही हळू घेत होतो. मग हात उचलून हलकेच तिथे ठेवला. तो गुरगुरला नाही.

तोंड धाकट्याकडे आणि दुखरी बाजू माझ्याकडे. ही वाटणी मला मान्य होती.