राब न जाळण्याची शपथ

शपथ द्यायला मला पूर्वी फार आवडायचं. परिपाठाला मुलं रांगेत उभी, प्रत्येकाचा उजवा हात समोर, मी एकेक ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी ती माझ्यामागून म्हणायची. पाण्याची शपथ, स्वच्छतेची शपथ, प्लास्टिकची शपथ. मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यावर सातवीपर्यंतची शाळा आहे, तिथे मी शिकवते. शिक्षिका म्हणून मी जे काही करते त्यात हेच काम सगळ्यात सोपं होतं, हे कळायला मला एक भातशेत पणाला लावावं लागलं. तेही दुसऱ्याचं.

त्या वर्षी जानेवारीत शहापूरला शिक्षकांसाठी पर्यावरण शिक्षणाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. बाकीच्यांनी लग्नं, दुखणी अशी कारणं सांगून अंग काढून घेतलं. मी मात्र हौसेने गेले. तिसऱ्या दिवशी आम्हाला तानसाच्या जंगलात नेलं. प्रशिक्षक शहरातला तरुण मुलगा, आवाजावरून पाखरू ओळखणारा. त्याने आम्हाला ऐनाची झाडं दाखवली. सगळ्या फांद्या छाटलेल्या, नुसते बोडके बुंधे उभे. "हे राबासाठी," तो म्हणाला.

राब म्हणजे भाताची रोपं जिथे तयार करतात ती जागा. आमच्या भागात पेरणीआधी त्या जागेवर शेण, झाडांचा छाटलेला पाला म्हणजे कवळ, गवत आणि वर माती असे थर देतात आणि उन्हाळ्यात ते जाळतात. मग त्या राखेत बी टाकतात. झाडं जातात, धूर होतो, मातीतले जीव मरतात, असं त्या मुलाने कळकळीने समजावून सांगितलं. मला ते मनापासून पटलं. परतीच्या एसटीत मांडीवर वही ठेवून मी शपथ लिहून काढली: मी राब जाळणार नाही आणि घरच्यांना जाळू देणार नाही.

इथे एक कबुली देते. माझा जन्म मुरबाडच्या बाजारपेठेतला. आमच्या घराच्या चारी बाजूंनी भात पिकत होतं, पण मला ते माहीत होतं पोत्यापासून पुढचं. राब मी पाहिला होता जीपच्या खिडकीतून.

मुलांनी शपथ घेतली आणि इतर शपथांसारखीच घरी जाईपर्यंत विसरून टाकली. एक मुलगी मात्र नाही विसरली. ती पाचवीत होती. बुटकी, हट्टी, चपला झिजू नयेत म्हणून हातात धरून शाळेपर्यंत येणारी आणि दारात पायात घालणारी. तिच्या आजोबांचा जन्म दुसऱ्याच्या बांधावर राबण्यात गेला. बापाच्या नावावर मात्र डोंगराच्या पायथ्याशी थोडी जमीन झाली होती. त्या जमिनीतलं भात वर्षाला पुरलं की दिवाळीनंतर वीटभट्टीवर एकटा बाप जायचा. नाही पुरलं की आईबाप आणि ती, तिघंही जायची, आणि माझ्या हजेरीपटात तिच्या नावापुढे पावसापर्यंत गैरहजेरीच लागायची. सगळं त्या भातावर होतं.

एप्रिलमध्ये बापाने भट्टीवरून येऊन राब रचला तेव्हा ही जाऊन त्या पाल्यावर बसली. बाईंना शब्द दिलाय, म्हणाली. बापाने दोनदा उचलून बाजूला ठेवली, तिसऱ्यांदा तो स्वतःच थांबला. सगळा पाला ओढून त्याने बांधावर टाकला. शाळेच्या शेवटच्या दिवशी तिने मला हे सांगितलं तेव्हा माझा ऊर भरून आला. मी तिला सगळ्यांसमोर उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या, बांधावरच्या पाल्याशेजारी तिचा फोटो काढला आणि शपथेच्या अहवालाला जोडून शहापूरला पाठवून दिला. त्या फोटोची मला आज लाज वाटते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिले काही दिवस ती आली आणि मग यायची बंद झाली. गैरहजेरीच्या चौथ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. आईबाप आणि ती, तिघंही राबाजवळ उभी होती. राब हिरवागार दिसत होता.

"अरे वा, किती छान आलाय!" मी म्हणाले.

मुलगी हळू आवाजात म्हणाली, "बाई, ता गवत हाय."

मी खाली वाकून पाहिलं. सगळं गवत होतं. त्यात कुठे कुठे पिवळट, सुतासारखी भाताची रोपं माना टाकून उभी होती. पाला जळतो तेव्हा जमिनीतलं तणाचं बीही जळतं, राब जाळायचा तो त्यासाठीसुद्धा, हे मला तिथे, चिखलात उभी असताना समजलं. पाड्यावरच्या पहिलीतल्या पोराला ते माहीत होतं.

बाप रागावला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "बाई, तुमी जाळू नका सांगितला. मंग काय कराचा, ता नाय सांगितला."

ते मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. तीन दिवस मी माना डोलावल्या, चहा प्यायले, प्रमाणपत्र घेतलं, पण जाळू नका तर मग काय करा, हा एवढा साधा प्रश्न माझ्या तोंडून बाहेर पडला नव्हता. घरी येताना जीपमध्ये मी स्वतःला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. मुरबाड येईपर्यंत शिव्या संपल्या आणि मी ठरवलं, हे शेत लावून द्यायचं. काय वाट्टेल ते झालं तरी.

पाड्यावर लावणी झाली की थोडीफार रोपं उरतात, ती मागणाऱ्याला देतात. पण मागायला बाप तयार नव्हता. पोरीचं ऐकून राब न जाळणारा म्हणून लोक आधीच हसत होते. मग मी निघाले. प्रत्येक दारात एकच वाक्य म्हणायचं ठरवलं होतं: चूक माझी आहे, तिच्या बापाची नाही. पहिल्या दारात ते दोनदा म्हणावं लागलं. पाचव्या दारापर्यंत सवय झाली.

सगळ्यात मोठा राब एका म्हातारीचा होता. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"रोपा देन गो. पन आधी माज्या खाचरात हात लाव. शिकवतेस ना पोरांना? मंग जरा शिक."

मी शिकले. शाळा सुटल्यावर आणि दोन्ही रविवारी, साडी खोचून, गुडघाभर चिखलात. माझी रोपं तिरकी लागायची. म्हातारी मागून येऊन ती उपटायची आणि पुन्हा सरळ लावायची, पुढच्या बायका मागे वळून हसायच्या. "बाईंची वळ बग, येष्टीच्या रस्त्यावानी," एक म्हणाली. माझं कंबरडं मोडलं होतं, पण हसू मलाही आलं. शेवटी म्हातारीने दिल्या आणि इतर घरांनीही दिल्या, तेवढ्या जुड्या आम्ही डोक्यावरून त्या मुलीच्या शेतात नेल्या. रोपं कमी पडली आणि तोवर जूनही झाली होती. निम्मं शेत लागलं, निम्मं पडीक राहिलं.

भात आलं ते होळीपर्यंत पुरेल एवढं. दिवाळी झाली आणि मला हवी नव्हती ती बातमी आली. तिघंही भट्टीवर निघाली होती. मी बापाच्या दारात जाऊन उभी राहिले. तिला ठेवा, म्हणाले. तिची मावशी याच पाड्यावर राहते, तिच्याकडे ठेवा. त्याने बिडी विझवून कानावर ठेवली.

"ठेवतो," तो म्हणाला. "पन फुडल्या साली राब तुमी दोघी कराचा. मी भट्टीवरून येन तवा जागा देन, बी देन. लावायला पुरती रोपा आली, तर ही सातवी करल. नाय आली, तर फुडल्या दिवाळीला आमच्या संगती. कबूल?"

मी कबूल म्हणाले. मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिला या वेळी माझ्या टाळ्या नको होत्या, मला काही येतं का एवढंच तिला बघायचं होतं.

जानेवारीत शहापूरला पुन्हा प्रशिक्षण होतं. मी स्वतःहून नाव दिलं. तोच तरुण प्रशिक्षक, तीच ऐनाची बोडकी झाडं. तो राबावर आला तशी मी उभी राहिले. "जाळू नका, हे मागच्या वर्षी ऐकून गेले. त्यापायी एका घराचं निम्मं शेत पडीक राहिलं. मग करायचं काय, ते सांगा. ते कळल्याशिवाय मी खाली बसणार नाही." सगळे माझ्याकडे बघत राहिले. तो मुलगा गोरामोरा झाला, पण खोटं बोलला नाही. म्हणाला, "मॅडम, मला माहीत नाही." दुपारी त्याने तालुक्याच्या शेती खात्यातल्या एका माणसाला बोलावून आणलं. माझ्या लेखी त्या प्रशिक्षकाची किंमत त्या दुपारी वाढली.

त्या माणसाने गादीवाफा सांगितला. जमीन उंच करायची, शेणखत आणि भाताच्या तुसाची राख मिसळायची, बी मिठाच्या पाण्यात टाकून पोकळ दाणे काढून टाकायचे, पातळ आणि ओळीत पेरायचं. "आणि तण?" मी विचारलं. "तण हाताने काढायचं," तो म्हणाला. "त्याला दुसरा उपाय नाही. कष्ट आहेत." हे वाक्य मी वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या. आमच्या शपथेत नेमकं हेच नव्हतं.

मे महिन्यात बापाने जागा दोन भागांत वाटून दिली. अर्ध्यावर त्याने नेहमीसारखा राब जाळला. एकदा पोळलेला माणूस तो, आणि मला त्याचं बरोबरच वाटलं. उरलेल्या अर्ध्यावर आम्ही दोघींनी वाफे केले. पूर्ण सुट्टी मी मुरबाडहून येऊन-जाऊन काढली. घरचे म्हणाले, डोकं फिरलंय हिचं. फिरलंच होतं.

पेरणी झाली आणि तण आलं. पहिल्या दिवशी मी जोरात उपटायला घेतलं. थोड्या वेळाने मुलगी माझी मूठ उलगडून बघते तर निम्मी भाताची रोपं. "बाई! ता भात हाय!" ती ओरडली, अगदी मी वर्गात ओरडते तशी. मग तिने मला बुडाशी बोट लावून भात आणि भातासारखं दिसणारं गवत यांतला फरक शिकवला. शाळेआधी आणि शाळेनंतर आम्ही तण काढत राहिलो. चार वेळा वाफे साफ केले. सहावी-सातवीची मुलं रोपांची उंची मोजायला यायची आणि वहीत लिहायची. माझ्या सगळ्या नोकरीत मी शिकवलेला पर्यावरणाचा एवढाच काय तो पाठ.

रोपं उपटायच्या दिवशी बाप आला. जळलेल्या भागातली एक जुडी हातात घेतली, आमच्यातली एक घेतली, मुळं झटकली, पुन्हा पाहिली. दोन्ही खांद्यावर टाकून शेताकडे चालू लागला. संध्याकाळपर्यंत पूर्ण शेत लागलं. एकही खाचर पडीक नव्हतं. मी बांधावर बसून रडले, आणि म्हातारीने ते पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पाड्याला माहीत झालं.

ऑगस्टमध्ये शहापूरला आसपासच्या तालुक्यांतल्या शाळांचा मेळावा झाला, मुलांनी केलेले पर्यावरणाचे प्रयोग मांडायचे होते. ती मुलगी, आता सातवीतली, मंचावर गेली आणि वही उघडून वाचू लागली. जळलेल्या भागात तण कमी, रोपं लवकर. वाफ्यांत रोपं ठीक, पण तण चार वेळा काढलं. शेवटी समोर बसलेल्या एका पाहुण्याने विचारलं, "मग आता बाबा राब जाळणं बंद करणार ना?"

"अर्धा," ती म्हणाली.

"अर्धाच का?"

"जेवढ्याचा तन मी काढू शकते तेवढाच," ती म्हणाली. "शाला पन असते."

लोक हसले. पाहुणेही हसले, पण त्यांना वेगळं उत्तर हवं होतं हे दिसत होतं. बक्षीस दुसऱ्या शाळेला गेलं. मग निवेदकाने सर्वांना उभं राहायला सांगितलं, समारोपाची शपथ होती. उजवा हात समोर धरा, माझ्यामागून म्हणा: मी राब जाळणार नाही आणि घरच्यांना जाळू देणार नाही. मी चमकले. माझी एसटीत लिहिलेली ओळ, त्या फोटोच्या अहवालातून इथपर्यंत आली होती.

मंडपभर हात वर झाले. ती मंचाच्या कडेला उभी होती, दोन्ही हातांनी वही छातीशी धरून. तिने हात वर केला नाही. गर्दीतून तिने मला शोधलं आणि माझ्या हाताकडे पाहिलं.

माझा हात खाली होता. शेजारच्या केंद्रप्रमुखांनी मला कोपराने ढोसलं. मी तो खालीच ठेवला.