प्रिंटपुरतं उघडं ठेवलेलं खातं

चूक माझी होती. उमरखेडच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी संगणक सांभाळतो, तिथल्या ऑफिसातल्या मशीनवर अपडेटची सूचना रोज यायची आणि मी रोज ‘नंतर’ दाबायचो. हॉलतिकिटांचे दिवस, मशीन मध्येच बंद पडलं की खिडकीसमोरची रांग ओरडते.

मग अंतर्गत गुणांच्या फाइलमध्ये कोणीतरी बदल केला. नोंद अ‍ॅडमिनच्या नावाने, आणि तो पासवर्ड फक्त मला माहीत.

संशय गेला डेटा एन्ट्रीच्या मॅडमवर. त्या फुलसावंगीकडच्या तांड्यावरच्या, कंत्राटी. घरच्यांशी फोनवर गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत बोलायच्या. मला ती कळत नाही, पण ‘सर’ आणि ‘पासवर्ड’ हे दोन शब्द मी ऐकले होते. तेवढ्यावरून अख्खं प्रकरण रचलं. त्या मागून गेल्या की मी कीबोर्डवर हात आडवा धरू लागलो.

शेवटी सगळ्यांसमोर विचारलं.

“सर, याडीसंग, म्हणजे आईसंग बोलत होती मी. याडी म्हणे, शेजारच्या पोरीचे मार्क वाढव. म्हटलं, पासवर्ड सरजवळ राह्यते, मले कायले सांगतं?”

शिपाई हसला. “आता तांड्यावरून कालेज चालते का, मॅडम?”

मीही हसलो. प्राचार्यांना सांगितलं, यांचं कंत्राट वाढवू नका.

पण त्या शेजारच्या पोरीचे गुण बदललेच नव्हते. हे खटकलं, तेव्हा कुठे ती टाळलेली सूचना मी वाचली. मशीनमध्ये एक त्रुटी होती: साध्या खात्यावरूनही, पासवर्डशिवाय, अ‍ॅडमिनचे सगळे अधिकार मिळवता येत होते. ओसरीवर बसवलेल्या पाहुण्याच्या हाती कोठीच्या किल्ल्या! आणि येईल त्याला प्रिंट काढता यावी म्हणून बिनपासवर्डचं साधं खातं मीच उघडं ठेवलं होतं. तपासलं, तर बदल तिथूनच झालेला. कोणी केला, ते अजून कळलेलं नाही. आता पेनड्राइव्ह घेऊन येणाऱ्या प्रत्येकाकडे मी रोखून बघतो.

प्राचार्यांना सगळं सांगितलं, कंत्राट थांबवू नका म्हटलं. “आता कायले उकरून राह्यले?” ते म्हणाले. तरी मी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. मॅडम दाराशीच उभ्या राहिल्या.

“मॅडम, पासवर्ड कोणी चोरलाच नव्हता,” मी म्हणालो. “मशीन दुरुस्त करायचं मी टाळलं, अन् तुमची बोली मले समजत नाही म्हणून तुमाले चोर ठरवलं. चुकलो मी. माफ करा.”