अझेलियाची फांदी

शारजात राहायचो तेव्हा फेब्रुवारी आणि मार्च हे आमचे खरे सणाचे महिने होते. उन्हाळ्यात बाल्कनीचं दार उघडलं की तापल्या तव्यावर वाकल्यासारखं व्हायचं. त्याच बाल्कनीत फेब्रुवारीत पेटुनिया, झेंडू आणि बोगनवेलीची एवढी गर्दी व्हायची की कपडे वाळत घालायला जागा उरायची नाही, आणि त्यावरून माझी नि नवऱ्याची रोज वाजायची. एप्रिल लागला की सगळं करपून जायचं. म्हणून आम्ही पाच मराठी कुटुंबांनी एक फेरी ठरवली होती. बहराचे पाच शुक्रवार धरायचे, दर शुक्रवारी सकाळी एकेकाच्या घरी जायचं, झाडं बघायची, नाश्ता करायचा आणि त्यांच्या झाडांना मनातल्या मनात नावं ठेवत घरी यायचं.

पाचांपैकी तिघांच्या बागा म्हणजे बाल्कन्याच. दूध पावडरचे डबे, रंगाचे डबे, पाण्याच्या कापलेल्या बाटल्या, जे हाताला लागेल त्यात झाडं. अंगण होतं ते फक्त अल ऐनच्या वहिनींना. त्यांच्याकडे जायला दीड तास लागायचा, आणि त्यांचा जमिनीतला मोगरा बघून परत येताना गाडीत कोणी फारसं बोलत नसे.

आमच्या फेरीचा एक अलिखित नियम होता. मागून आणलेली फांदी लागत नाही, चोरून आणलेली लागते, हे प्रत्येकजण आपापल्या गावाहून ऐकूनच आला होता. आमच्यात दोन इंजिनिअर आणि एक डॉक्टर होते, पण या बाबतीत कोणालाच शंका नव्हती. त्यामुळे कोणी फांदी मागत नसे आणि कोणी देतही नसे. झाडं बघून झाली की घरची बाई म्हणायची, “बसा हं, चहा टाकते,” आणि आत जायची. मग बाहेर पर्स उघडायच्या, छोट्या कात्र्या आणि ओले रुमाल निघायचे. ती आत मुद्दाम भांडी वाजवत राहायची. भांडी वाजायची थांबली की बाहेर सगळे साळसूदपणे गप्पा मारायला लागायचे. कोणाच्या घरून किती चोरी झाली यावर त्या बागेची पत ठरायची. एका वर्षी माझ्या बाल्कनीतून कोणी पानसुद्धा नेलं नाही, तेव्हा मी आठवडाभर कोणाशी धड बोलले नव्हते.

या नियमाला न जुमानणारा एकच माणूस, दुबईतल्या करामाचे आमचे भाऊजी. ते नवऱ्याच्या ऑफिसातले, आमच्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. मुलाच्या शिक्षणासाठी बायको पुण्यात आणि हे इथे एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एकटे. बाल्कनीत त्यांनी काही लावलेलं नव्हतं. त्यांची बाग म्हणजे एकच कुंडी, तीही बेडरूममध्ये, एसीसमोर, स्टुलावर. त्या कुंडीत अझेलिया होती.

अझेलिया म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या घराण्यातलं झुडूप. थंड डोंगरातलं झाड ते, आमच्या वाळवंटात त्याचं काय काम? पण भाऊजींच्या मागे एक कहाणी होती. लग्नानंतर ते दोघं दार्जिलिंगला गेले होते. तिथे एका बागेत ऱ्होडोडेंड्रॉन फुललेले बघून बायकोने हळूच एक फांदी मोडायला हात पुढे केला, आणि तेवढ्यात रखवालदाराने शिट्टी फुंकली. चारचौघांत बोलणी खावी लागली. वीस वर्षं झाली तरी ती फांदी राहून गेल्याची हळहळ बायकोच्या मनातून गेली नव्हती. मग एका जानेवारीत भाऊजींना फुलवाल्याच्या दुकानात हॉलंडहून आलेली अझेलियाची कुंडी दिसली आणि त्यांनी ती उचलली. नेहमी अशा कुंड्या लोक फुलं गळली की फेकून देतात. भाऊजींनी ती तीन वर्षं जगवली होती, आणि दर वर्षी फुलवली होती.

“वहिनी, नळाचं पाणी हिला चालत नाही,” ते मला समजावायचे. “एसीतून ठिबकतं ना, ते पाणी. बादली लावून ठेवायची. एकदम मऊ पाणी.”

मी झाडाकडे बघत नुसती मान हलवायची. गडद गुलाबी, झालरीच्या परकरासारखी ती फुलं बघितली की माझा हात पर्समधल्या कात्रीकडे जायचा. मला ती फांदी हवी होती. सोन्याची बांगडी नको, पण ही फांदी हवी. आणि भाऊजी काही खोलीतून हलायचे नाहीत. चहा टाकायला आत जाण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते सकाळीच चहा करून थर्मासमध्ये भरून ठेवत आणि थर्मास घेऊन झाडाशेजारीच बसत. दोन वर्षं मी रिकाम्या हाताने परत आले. घरी येताना त्या थर्मासला मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये आम्ही त्यांच्याकडे गेलो. सगळ्यांनी झाड बघितलं, थर्मासमधला चहा प्यायला आणि मंडळी हॉलमध्ये जाऊन बसली. मी आणि भाऊजी तेवढे बेडरूममध्ये होतो. इतक्यात हॉलमधला फोन वाजला. पुण्याहून बायकोचा फोन. भाऊजी धावत बाहेर गेले.

मी एक क्षणही विचार केला नाही. पर्स उघडली, कात्री काढली आणि फूल नसलेली, चार बोटं लांबीची कोवळी फांदी कचकन कापली. ओल्या रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली, पर्स मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले.

भाऊजी परत आले तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला त्यांच्याकडे बघवेना.

“बारावीचा शेवटचा पेपर झाला! छान गेला म्हणतोय,” ते म्हणाले. “आता इन्शाल्ला तो होस्टेलला जाईल आणि ही इकडे येईल, कायमची. पुढच्या फेरीला तुमची वहिनी असेल बघा इथे. तिने अजून ही फुललेली बघितलीच नाही, नुसते फोटो बघितलेत.”

“वा, वा,” मी म्हणाले. पर्स मांडीवर जड झाली होती.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं तर तो हसतच सुटला. मला मात्र हसू येत नव्हतं. आमच्या फेरीत चोरी म्हणजे घरच्या माणसाने पाठ फिरवून दिलेली परवानगी असते. भाऊजींनी पाठ फिरवली नव्हती. त्यांना बायकोचा फोन आला होता. मी केलेली चोरी खरी चोरी होती, आणि ते मला चांगलं कळत होतं. पण फांदी फेकून देण्याइतकी मी साधीही नव्हते.

फांदी मी पीटच्या हलक्या मातीत लावली, वर प्लास्टिकची पिशवी घातली आणि मुलीच्या खोलीत ठेवली, कारण घरातला सगळ्यात चांगला एसी तिथे होता. मुलगी तेव्हा सातवीत होती. रात्रंदिवस एसी चालू ठेवायचा म्हटल्यावर ती वैतागली.

“मम्मा, इट्स फ्रीझिंग इन हिअर! इट्स जस्ट अ प्लांट!”

“दोन गोधड्या घे,” मी म्हणाले.

मे महिन्यात फांदीला मुळं धरली. जूनमध्ये दोन नवी पानं आली. मी एवढी झाडं लावली, पण असं यश मला कधी मिळालं नव्हतं, आणि नेमकं तेच कोणाला दाखवायची सोय नव्हती! अल ऐनच्या वहिनी फोनवर मोगऱ्याचं सांगायला लागल्या की माझ्या जिभेवर अझेलिया यायची आणि मी ती गिळून टाकायची. पाहुणे आले की कुंडी मुलीच्या कपाटात जायची. मुलीने मैत्रिणींना सांगून टाकलं होतं की माय मॉम इज हायडिंग अ प्लांट फ्रॉम द पोलीस.

त्या उन्हाळ्यात भाऊजी महिनाभर पुण्याला गेले. झाडासाठी एसी चालू ठेवला आणि पाणी घालायला किल्ली बिल्डिंगच्या म्हाताऱ्या नातूरकडे, म्हणजे वॉचमनकडे, दिली. नातूर भला माणूस. त्याने रोज न चुकता पाणी घातलं. पण पहिल्याच दिवशी त्याने बघितलं की रिकाम्या घरात एसी चालतोय.

“मैंने बंद कर दिया साब,” भाऊजी परतल्यावर त्याने मोठ्या प्रेमाने सांगितलं. “खाली घर में फालतू बिजली का बिल आता था.”

अझेलियाची तोवर नुसती वाळकी काटकी उरली होती. हे आम्हाला भाऊजींनीच गणपतीत आरतीनंतर सांगितलं. नातूरची नक्कल करून सांगितलं, सगळे हसले, तेही हसले. मग मोदकाची प्लेट हातात घेऊन ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आणि त्यांनी मोदक खाल्लाच नाही. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

“देऊन टाक,” घरी येताना गाडीत तो म्हणाला.

“कसं देऊ? काय सांगू?”

“चोरलं म्हणून सांग. आणि काय?”

मी ऑक्टोबर काढला, नोव्हेंबर काढला. कधी म्हणायचे, झाड अजून लहान आहे. कधी म्हणायचे, दुकानात दुसरं मिळेल, ते आणून देऊ. खरं सांगायचं तर दोन गोष्टी मला सोडवत नव्हत्या, एक माझी लाज आणि दुसरी ती कुंडी. जानेवारीत त्या वीतभर झाडाला एक कळी आली. आणि त्याच आठवड्यात ऑफिसातून आल्या आल्या नवऱ्याने सांगितलं, “भाऊजींच्या बायकोचं तिकीट झालं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येतेय.” आता मात्र पळवाट उरली नाही.

शुक्रवारी मी भाऊजींना एकट्यांनाच बोलावलं. मुलीच्या खोलीत नेलं, कुंडी दाखवली आणि एका दमात सगळं सांगितलं. फोन, कात्री, रुमाल, सगळं. सांगताना मला रडू यायला लागलं, आणि मी काही ऊठसूट रडणारी बाई नाही.

भाऊजी खाली वाकले. त्यांनी बोटाने माती दाबून बघितली. कळीला हात लावला नाही.

“पाणी कुठलं घालता?”

“एसीचं. तुम्हीच सांगितलं होतंत.”

“हं.”

“भाऊजी, ही तुमची आहे. घेऊन जा. वहिनी यायच्या आत फुलेल.”

ते उठले आणि म्हणाले, “दिलेलं लागत नाही, वहिनी. राहू दे तुमच्याकडेच.” चहासुद्धा न घेता ते निघून गेले. दार लावून मी तिथेच उभी राहिले. भाऊजी रागावले असते, ओरडले असते तर मी काहीतरी बोलले असते. आता हा माणूस आपल्या घरी पुन्हा येत नाही, असं माझ्या मनाने घेतलं.

त्या वर्षी फेरीचा पहिला शुक्रवार आमच्या घरी होता. आदल्या दिवशी भाऊजींचा फोन आला. “उद्या येतोय. दोघंही.” एवढंच बोलून फोन ठेवला. मी त्या दिवशी तिखटामिठाच्या पुऱ्यांत दोनदा मीठ घातलं.

भाऊजींची बायको ठेंगणी, हसरी, आणि सारखी इकडेतिकडे बघणारी होती. अझेलिया सकाळीच उमलली होती. मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर, वह्या बाजूला सारून ठेवलेल्या त्या कुंडीत एकच फूल होतं, पण पूर्ण उघडलेलं. भाऊजींची बायको खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि बघतच राहिली. बाकीच्या मंडळींना सगळी कहाणी भाऊजींनी आधीच सांगून ठेवली असणार, कारण कोणी मला काही विचारलं नाही. अल ऐनच्या वहिनी तेवढ्या म्हणाल्या, “बाई गं, आणि मी तुला फोनवर मोगऱ्याचं सांगत होते!”

नाश्ता झाला, चहा झाला. मंडळी हॉलमध्ये गप्पा मारत बसली होती. भाऊजींची बायको पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसली होती. मी तिच्याजवळ उभी होते, आणि भाऊजी दारात.

“वहिनी,” भाऊजी मला म्हणाले, “चहा टाका ना.”

“अहो, आत्ताच झाला की सगळ्यांचा!”

“अजून एकदा टाका,” ते म्हणाले. “आणि यल्ला यल्ला करू नका. सावकाश उकळू दे.”

मी त्यांच्याकडे बघितलं. मग मला कळलं.

स्वयंपाकघरात जाऊन मी चहाचं आधण ठेवलं. आलं किसलं, पुन्हा किसलं. कपाटातली पातेली काढून एकमेकांवर आपटली, झाकणं वाजवली, डाव वाजवला. मुलगी आत आली आणि म्हणाली, “मम्मा, व्हॉट आर यू डुइंग?” मी तिच्याही हातात एक ताट आणि चमचा दिला. वीस मिनिटं चहा उकळला. मग भांडी थांबवून, दोन मिनिटं आणखी उभी राहून, मी ट्रे घेऊन गेले.

कुंडी जागच्या जागी होती. फूलही होतं. फुलाच्या खालची एक कोवळी फांदी मात्र नव्हती. कापलेली जागा ओली, तिरपी आणि एकदम स्वच्छ होती. भाऊजी खिडकीतून खालचं पार्किंग न्याहाळत होते. त्यांची बायको खुर्चीत ताठ बसली होती, गाल लाल झालेले, पर्स मांडीवर आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलेली.

“छान झालाय हं चहा,” ती घाईघाईने म्हणाली. तिने अजून कप उचललाही नव्हता.

चहा पार कडू झाला होता. आम्ही तिघांनी तो सगळा संपवला.