अर्धी रोजरी

आमच्या घरात रोजरी, म्हणजे मदर मेरीची जपमाळ, दोघांत वाटलेली होती. प्रत्येक मण्यावरच्या ‘नमो मरिया’चा पहिला अर्धा भाग नवऱ्याचा, दुसरा अर्धा माझा. लग्न होऊन मरोळच्या ह्या गावठाणात आले तेव्हापासून हीच वाटणी. संध्याकाळी मी कुकर लावायचे, मग आम्ही क्रूसासमोर बसायचो. तो सुरुवात करायचा, मी उत्तर द्यायचे. पण तो इतका भरधाव म्हणायचा की माझं आमेन संपायच्या आत त्याचा पुढचा मणी सुरू झालेला असायचा. मदर मेरीला ह्यातलं काय कळत असेल, असं मी त्याला विचारायचे. तिला सवय आहे, असं तो म्हणायचा.

तो गेला आणि त्याचा भागही गेला. माळ हातात घेऊन बसले की माझं तोंड आपलं गप्प, समोरच्याची वाट बघत. दोन्ही भाग मला येत नव्हते असं नाही. पण आपणच हाक मारायची आणि आपणच ओ द्यायची, ह्यात कसली प्रार्थना? मुलाने दहिसरच्या त्याच्या टॉवरमधून मोबाइलवर रोजरीचा व्हिडिओ पाठवला. त्यातली बाई इतकी संथ की दहा मणी व्हायच्या आत मला डुलकी लागली. शेवटी मी माळ क्रूसाखालच्या खिळ्याला अडकवली आणि देवाशी अबोला धरला. राग होता मला. निम्मं आयुष्य माणसाला उत्तर द्यायला शिकवायचं आणि मग विचारणाराच उचलून न्यायचा, ही काय रीत झाली?

यंदा उपवासकाळात आमच्या चर्चच्या हॉलमध्ये आध्यात्मिक नूतनीकरणाचं शिबिर लागलं. मी काही जाणार नव्हते. पण पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या जाऊबाईंनी धमकी दिली की तू आली नाहीस तर मी फादरना तुझ्या घरी घेऊन येते. घरातला पसारा बघता हॉल परवडला. शिवाय तिथे एसी होता.

प्रवचनकार बाहेरून आलेला, हातात माइक, पायांत पांढरेशुभ्र बूट. त्याने टाळ्या वाजवायला सांगितल्या, मी एक वाजवली, तीही डासासाठी. मग त्याने सगळ्यांना हात वर करायला लावले. माझा खांदा दुखतो म्हणून मी नाही केले, तर जाऊबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हॉलमधला सैतान नेमका कुठल्या खुर्चीवर बसलाय ते त्यांना सापडलं.

निघताना त्याने घरचा अभ्यास दिला. मन उघडं ठेवा, नाहीतर देवाने आत यायचं कुठून, असं त्याचं म्हणणं. मन उघडायचं कसं हे कळत नसेल तर निदान घराचं दार उघडा, दारात बसून प्रार्थना करा, आणि जो कोणी येईल तो देवाने धाडला असं समजा. हा माणूस गावठाणात राहत नसणार. आमच्याकडे संध्याकाळी दार उघडलं की देवाआधी डास येतात.

तरी मी दार उघडं ठेवलं. एक तर जाऊबाई व्हॉट्सअॅपवर चौकशी करणार होत्या. आणि खरं सांगायचं तर मला त्या अबोल्याचा कंटाळा आला होता. भांडण मी काढलं होतं, आणि करमत नव्हतं तेही मलाच.

कुकर लावला, खिळ्यावरची माळ काढली आणि दारासमोर खुर्ची टाकून बसले. आधी मांजर आलं. ते थेट मासळीच्या पातेल्याकडे निघालं, तेव्हा देवाने धाडलेलं असो वा नसो, मी ते हाकललं. मग कुरियरवाला आला, वरच्या भाडेकरूचं पार्सल घेऊन. प्रार्थनेचा शब्द मात्र तोंडातून फुटला नाही तो नाहीच. माळ परत खिळ्याला अडकवावी म्हणून उठत होते, एवढ्यात शेजारीण दारात आली.

शेजारीण मालवणची. तिचं घर आणि माझं घर ह्यांत एकच भिंत. तिची दिवाबत्ती आणि आमची रोजरी वर्षानुवर्षं एकाच वेळी चालायची.

“काय गो, दार उघडा टाकून बसलंस? डास येतत.”

मी तिला सगळं सांगितलं. प्रवचनकार, अभ्यास, आणि पहिला अर्धा भाग म्हणणारा नाही म्हणून अडलेली गाडी. ती उंबऱ्यावर टेकली.

“तेवढाच ना? माका येता. इतकी वर्षां भिंतीतून आयकलंय.”

तिने डोळे मिटले, हात जोडले आणि सुरू केलं. मालवणी नव्हे, माझ्या नवऱ्याची चर्चमधली मराठी, आणि वेगही त्याचाच, मध्ये श्वास न घेता. मला कळायच्या आत माझं उत्तर निघून गेलं. पुढचा मणी, त्याच्या पुढचा. माझं आमेन तिच्या सुरुवातीखाली चेंगरायला लागलं आणि मला फार बरं वाटलं. मग एका मण्यावर, मधेच, सूर न बदलता ती म्हणाली, “कुकर बघ गं,” आणि तशीच पुढे गेली.

मी थांबले. तिने एक डोळा उघडला. चुकलं का, विचारलं. कुकरचं काय म्हणालीस, मी विचारलं.

“म्हणजे? ता प्रार्थनेत नाय? तो तर रोज म्हणायचो.”

रोज म्हणायचा खरा. त्याचा एक कान देवाकडे असायचा आणि दुसरा माझ्या भाताकडे. त्याचा आवाज आताशा मला नीट आठवेनासा झाला होता, आणि इकडे भिंतीपलीकडे तो कुकरसकट जपून ठेवलेला होता. मला हसू आलं, डोळेही भरून आले. देवाने धाडलेलं माणूस ते हेच, ह्याबद्दल मला शंका उरली नाही.

“चुकलं नाही गं,” मी म्हटलं. “तसंच आहे ते. म्हण पुढे.”

तिने पुन्हा पहिल्यापासून तो मणी घेतला आणि कुकर त्याच्या जागी आला. शिटी काही झाली नव्हती. तरी मी उठले, गॅस बारीक केला आणि स्वयंपाकघरातून परत येता येता उत्तर दिलं.