फ्लेक्सवरचा येसाजीराव

येसाजीराव माझ्यापेक्षा थोडा मोठा. मंडी मोहल्ल्यात आमची घरं एकाच गल्लीत. आमचे पूर्वज इथल्या, मैसूरच्या, फौजेत होते. त्यातलं आता घरातली मराठी आणि नावातला राव एवढंच उरलं आहे. मी रेल्वेच्या कारखान्यात लोहारकाम केलं. त्यानं बाजारात पोती वाहिली आणि रोज पहाटे गरडीत, म्हणजे तालमीत, मट्टी खणली.

मट्टी म्हणजे आखाड्यातली तांबडी माती. ती खणली नाही तर घट्ट होते आणि पडणाऱ्याला लागतं. खेळणारे पुष्कळ मिळतात, खणणारे मिळत नाहीत. येसाजीराव कुस्ती बेताचीच खेळायचा. तरुणपणी दसऱ्याच्या कुस्त्यांत उतरला आणि पडला. ते तो स्वतःच सांगतो. पण खणावं त्यानंच. फावडं सगळीकडे सारखं खोल जायचं, एक ढेकूळ राहायचं नाही. खणून झालं की बैठका, आणि मग अंगाला घाण्याचं तिळाचं तेल. सत्तरी उलटली तरी तो मांडी घालून जेवतो आणि हात न टेकता उठतो.

त्याच्या बायकोचं, गोदावरीबाईंचं, उलट. त्यांच्या सांध्यांना सूज येते. बोटं, मनगटं, गुडघे. डॉक्टरीणबाईंनी आठवड्याला एक गोळी लिहून दिली आणि बजावलं, ही बंद करायची नाही. केलीत तर बोटं वाकतील आणि वाकलेली परत सरळ होणार नाहीत. गोळीनं मळमळायचं, केस गळायचे. गोळीच्या दिवशी स्वयंपाक येसाजीराव करायचा. भात करपायचा. बाई तो खायच्या आणि गोळीही घ्यायच्या. असं काही वर्षं नीट चाललं.

मग गरडीत अनुराग आला. पुण्याचा मुलगा, इथंच विजयनगर भागात राहतो, जाहिराती करतो. आत येताना चपला बाहेर काढल्या, मारुतीला हात जोडले आणि येसाजीरावाच्या पाया पडला. "काका, इथं इतकं मराठी ऐकून घरी आल्यासारखं वाटलं," म्हणाला. येसाजीराव विरघळला. आमच्याशी असं स्वच्छ मराठी कोण बोलतं? आमची नातवंडं दोन वाक्यांनंतर कन्नडवर जातात.

अनुरागनं कॅमेरा लावला आणि विचारलं, "काका, रोज काय करता ते सांगा."

येसाजीरावानं सांगितलं. मट्टी कशी खणतात, फावडं कसं धरतात, बैठका किती सावकाश घ्यायच्या, शेवटी तेल. मी बाजूला उभा होतो. चांगलं सांगितलं.

"छान. आता थोडक्यात सांगा. लांबलचक कुणी बघत नाही हो."

"थोडक्यात काय सांगू?"

"एवढंच. रोज तेल लावतो. माझे गुडघे दुखत नाहीत."

यात खोटं काही नव्हतं. येसाजीराव बोलला. पांढरा डगला घातलेली एक मुलगी शेजारी उभी राहिली, तिनं मान डोलावली. नंतर आम्ही सगळ्यांनी मिळून इडली खाल्ली. त्याच्या हातात गदा देऊन फोटो काढला. ती गदा मारुतीची. तिनं कुणी कधी व्यायाम केला नव्हता.

महिन्याभरानं आमच्या गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. गदा घेतलेला येसाजीराव, पायाशी तेलाची बाटली, वर कन्नडमध्ये 'मैसूरचा अजिंक्य पैलवान'. घरात फोन उघडला की तोच. रोज तेल लावतो, माझे गुडघे दुखत नाहीत. मग डगलेवाली मुलगी. मग बाटली हातात घेतलेल्या हसऱ्या बायका, ओळीनं. शेवटी, साठा संपत आला आहे. तो साठा आजपर्यंत संपलेला नाही.

खणणं काढून टाकलं होतं. तेल ठेवलं होतं.

गोदावरीबाईंनी बाटली मागवली आणि गोळी थांबवली. येसाजीराव मला घेऊन गेला, मी समजवावं म्हणून.

"अगं, मी तिळाच्या तेलाचं बोललो होतो," तो म्हणाला.

"बाटलीवर तीळ लिहिलंय की."

"ती डगलेवाली डॉक्टर नाही. आमच्याबरोबर इडली खाल्ली तिनं. अनुरागच्या ऑफिसातली आहे."

"डॉक्टर इडली खात नाहीत?"

मी म्हटलं, "वहिनी, हा अजिंक्य कधी होता? दसऱ्यात पडलेला मी पाहिलाय."

"तुम्ही सुम्ने, उगाच, त्यांना खाली ओढू नका, भावजी. आयुष्यभर ओझी वाहिली, कुणी नाव घेतलं नाही. आता सगळं गाव घेतंय, तर तुम्हाला बघवत नाही." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही. स्वतःची एवढी लाज कशाला? फ्लेक्सवर बघा किती धीट दिसता."

बाईंना नवऱ्याचा अभिमान वाटत होता, बहुधा पहिल्यांदाच. आणि गोळीचा कंटाळा खरा होता. दोन्ही एकत्र आले.

आम्ही विजयनगरला गेलो. अनुरागनं पुन्हा पाया पडून कॉफी मागवली. "काका, तुमच्या तोंडचा एक शब्द तरी बदललाय का?"

"नाही."

"तुम्ही तेल लावत नाही?"

"लावतो."

"गुडघे दुखतात?"

"नाही."

"मग?"

येसाजीरावाला खोटं बोलता येत नाही आणि प्रश्न सगळे हो-नाहीचेच होते. मी म्हटलं, "त्याच्या बायकोनं औषध सोडलंय." अनुरागचा चेहरा पडला. तो मुलगा वाईट नाही. "काकूंना म्हणावं, औषध चालू ठेवा. आम्ही कुठं सोडायला सांगतो?" दुसऱ्या दिवशी त्यानं काकूंसाठी बाटल्यांचं खोकं घरी पाठवून दिलं.

तेव्हा आमच्या वॉर्डात प्रचार चालू होता. जयतीर्थ नावाचे उमेदवार गल्लीत हात जोडत आले. येसाजीरावानं त्यांना सगळं सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत राहिले. "फ्लेक्स उतरला म्हणून समजा, पैलवान्रे," ते कन्नडमधल्या आदरानं म्हणाले. "संध्याकाळी सभेला या. तुमच्या तोंडून सगळ्यांना कळू दे."

येसाजीराव खूष झाला. दुपारभर घरात पाठ करत बसला. मी पैलवान नव्हतो, मट्टी खणायचो. तेल साधंच आहे. डॉक्टरांची गोळी कुणी सोडू नका. एवढी तीन वाक्यं. अनुरागकडून तो एवढं शिकला होता की थोडक्यात बोलावं.

सभेत त्याला हार घातला आणि पेटा, म्हणजे मैसुरी फेटा, बांधला. जयतीर्थांनी माइक घेतला. "या मातीचा पैलवान. बाहेरून आलेले लोक याला फसवतात, आपली माती बाटलीत भरून विकतात. आपण बघत बसायचं?"

"नाही," लोक ओरडले.

"पैलवान कुणाबरोबर आहेत?"

येसाजीरावानं माइकसाठी हात पुढं केला. कुणीतरी त्या हातात गदा दिली. ती घेऊन तो उभा राहिला. जयतीर्थांनी त्याचा दुसरा हात धरून वर उचलला. माझ्या शेजारचा माणूस घसा फोडून ओरडत होता. मी त्याला विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "माहीत नाही, पण अन्याय झालाय." बाहेरचे म्हणजे मराठी बोलणारे, असं तिथंच दोघंतिघं म्हणाले. आम्ही घरी येईपर्यंत दोघं कन्नडमध्येच बोललो.

शब्द पाळला त्यांनी. सकाळी तेलाचा फ्लेक्स उतरला होता. त्याच जागी नवा होता, त्याहून मोठा. जयतीर्थांच्या हातात येसाजीरावाचा हात. फोनवर तेल चालूच राहिलं.

गोदावरीबाई तो नवा फ्लेक्स बघायला गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेल्या. "आता बोला," मला म्हणाल्या. "एवढा मोठा माणूस खोटारड्याचा हात धरेल?"

पावसाळ्यानंतर त्यांची बोटं वाकायला लागली. आधी उजव्या हाताची. वाटी धरता येईना. येसाजीराव त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाल्या, वाकलं ते वाकलं. पुढचं वाचवायचं तर गोळी आजपासून घ्या. गोदावरीबाईंनी मान डोलावली. घरी आल्यावर गोळ्यांचं पाकीट मारुतीच्या तसबिरीमागे ठेवलं. ते तिथंच आहे.

येसाजीराव रोज सकाळी त्यांचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळतो. मी पाहिलं आहे. मट्टीवर चालायचा तसा हात चालतो, घाई नाही, कुठली जागा सुटत नाही. अर्धा तास तरी. त्यानंतर बाई थोडं सुखानं चालतात. दारात जाऊन शेजारच्या सुष्माला सांगतात, तेलानं बरं वाटतं.

परवा सुष्मा आत आली. तिच्या आईचे सांधे असेच. "काका, खरं सांगा हं, तुमच्यावर विश्वास ठेवून मागवते. तेलानं होतं का?"

"चोळल्यानं होतं. आईला डॉक्टरकडे ने," येसाजीराव म्हणाला.

"चोळतात तेलच ना?" ती हसली. जाताना फोन उघडून बघत होती. आमच्या कानावर त्याचाच आवाज आला. रोज तेल लावतो.

मी त्याला म्हटलं, "येसाजी, ते तेल फेकून दे. नुसतं चोळ."

"केलं तसं," तो म्हणाला. "बाटली दिसली नाही तर ती पाय पुढं करत नाही."

आतून गोदावरीबाईंनी हाक मारली. त्यानं खोक्यातून नवी बाटली काढली. झाकण त्यांना आता उघडत नाही. त्यानं उघडलं आणि आत गेला.